समोर भेदभाव घडतोय: तिथे उभ्या असलेल्याने काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

म्हापसा-पणजी बसमध्ये एका दुपारी कंडक्टरने एका लमाणी बाईला सीटवरून उठवलं. तिच्या मांडीवर माळांचं गाठोडं होतं, तिकीट काढलेलं होतं. "ए घाटी, फाटीं वच. तुजो वास येता." म्हणजे, ए घाटावरची, मागे जा, तुझा वास येतो. मी ताडकन उठले आणि कंडक्टरवर तुटून पडले. आमचं भांडण पर्वरीपर्यंत पुरलं. दोघे-तिघे माझ्या बाजूने बोललेही. पर्वरीला बस थांबली तशी ती बाई गाठोडं उचलून उतरून गेली. तिकीट पणजीचं होतं. मी तिचं नाव विचारलं नव्हतं, आणि तिला मी केलेला तमाशा हवा होता का, हेही नाही. बसचा नंबरसुद्धा माझ्याकडे नव्हता.

आता मी कायदा सेवेची पॅरालीगल म्हणून काम करते, म्हणजे वकील नाही, पण कायद्याच्या कामात लोकांना मदत करते. लोक येऊन सांगतात, "बाय, माझ्यासमोर असं असं झालं", आणि जवळजवळ सगळे माझ्यासारखेच चुकलेले असतात. आधी अपमान करणाऱ्याशी भांडण, मग मोबाइल, मग ग्रुपवर व्हिडिओ, आणि ज्याचा अपमान झाला त्याची विचारपूस सगळ्यात शेवटी. खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे, आणि क्रम बदलला की निकालही बदलतो.

१. तयारी: हे आजच करून ठेवा

फोनमध्ये चार नंबर घाला. ११२ आणीबाणीसाठी. १४५६६ ही अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन. १०९८ मुलांसाठी. १५१०० मोफत कायदेशीर मदतीसाठी. प्रसंगाच्या वेळी गूगल करायला जाल तर हात थरथरतात, हे अनुभवाने सांगते.

दुसरी तयारी डोक्यातली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यातल्या कलम ३(१)(आर) आणि (एस) मध्ये अपमान किंवा जातीवरून शिवीगाळ 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' झालेली असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली उत्तराखंडच्या एका खटल्यात हेच धरून सांगितलं की, घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी हजर नसताना उच्चारलेले शब्द या कलमात बसत नाहीत. आणि बाहेरचं कोणी म्हणजे नुसते नातेवाईक-मित्र नव्हेत. अर्थ असा की बसथांब्यावर उभे असलेले तुम्ही, ज्यांचं दोघांशीही नातं नाही, तुम्हीच त्या खटल्याचा पाया आहात. तुम्ही घरी निघून गेलात तर बोललेला शब्द हवेत जातो.

अपंग व्यक्तीला चारचौघांत मुद्दाम अपमानित करणं हाही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. हे पोलीस स्थानकातल्या माणसालाही बऱ्याचदा आठवून द्यावं लागतं.

तिसरी तयारी स्वतःला विचारायची आहे: वेळ आली तर मी जबाब द्यायला जाईन का? उत्तर 'नाही' असेल तरी चालेल, पुढच्या सगळ्या पायऱ्या तुम्ही तरीही करू शकता. पण त्या माणसाला "मी आहे साक्षीला" असं भरात सांगून टाकू नका. नंतर फोन न उचलणारा साक्षीदार हा शिवी देणाऱ्याइतकाच लक्षात राहतो.

२. पहिली दहा सेकंदं: फक्त बघा

मारहाण चालू आहे का? हातात काही आहे का? दारू प्यायलेले आहेत का? यातलं एक जरी 'हो' असलं तर ११२ लावा आणि पायरी ४ पूर्ण वगळा. एकट्याने हिरो व्हायला जाऊ नका. शेजारच्या एका माणसाकडे बोट दाखवून सांगा, "लाल शर्टवाले, तुम्ही दुकानदाराला बोलवा." घोळक्याकडे बघून "कोणीतरी काहीतरी करा" म्हटलं तर कोणीच हलत नाही. एकाला नेमून सांगितलं की तो हलतो.

मारहाण नसेल तर या दहा सेकंदांत कान उघडे ठेवा. कोणता शब्द उच्चारला, कोणत्या भाषेत, आणि नक्की कोण बोललं. आपल्याकडे कोकणी, हिंदी, कन्नड, मराठी एकाच भांडणात येतात. ते जसं येतं तसंच डोक्यात साठवा.

> तपासा: तुम्हाला आत्ता राग आला आहे का? येणारच. पण राग कोणाकडे बघून आलाय, हे एकदा बघा. तुमची नजर अजून शिवी देणाऱ्यावरच असेल तर ती तिथून काढा. पुढची पायरी दुसऱ्या दिशेला आहे.

३. ज्याचा अपमान झाला त्याच्या बाजूला जा

अगदी शब्दशः बाजूला. शेजारी उभे राहा, शक्यतो तो माणूस आणि बोलणारा यांच्या मधोमध येऊ नका. आवाज खाली ठेवून एकच वाक्य: "बाय, हांगा बस" (इथे बस) किंवा "दादा, मी इथे आहे, तुम्ही ठीक आहात ना?" हिंदी बोलणारा असेल तर हिंदीत. त्या दिवशी बसमध्ये मला एवढंच करायचं होतं. उठून तिला माझी सीट द्यायची आणि तिच्या शेजारी दांडा धरून उभं राहायचं.

मग विचारा: "मी काही बोलू का, की नको?" बहुतेक जण मानेनेच सांगतात. 'नको' म्हटलं तर नको. घरकामाला जाणारी बाई, पर्यटन हंगामात किनाऱ्यावर माळा विकणारी पोर, बांधकामावरचा मजूर, यांना उद्या त्याच रस्त्याने, त्याच बसने, त्याच मालकाकडे जायचं असतं. तुम्हाला नाही. म्हणून निर्णय त्यांचा.

> सावधान: त्या माणसाची जात, धर्म, आजार किंवा तो तृतीयपंथी आहे ही गोष्ट तुम्ही मोठ्याने बोलू नका. "बिचारी दलित आहे म्हणून बोलता का?" हे वाक्य मदतीच्या नावाखाली तिची ओळख अख्ख्या बाजाराला सांगतं. दुकानदाराला कदाचित ती माहीतही नव्हती.

४. मध्ये पडायचं असेल तर: भांडण न लावता खंड पाडा

होकार मिळाला तरच. आणि तेव्हाही उद्देश एकच, चाललेली गोष्ट थांबवणं. समोरच्याला सुधारणं हा त्या दुपारचा कार्यक्रम नाही.

चालणारी वाक्यं साधी असतात. कंडक्टरला: "त्यांचं तिकीट आहे, त्या इथेच बसतील." दुकानात: "यांचा नंबर माझ्या आधी होता, आधी त्यांना द्या." सरकारी खिडकीवर: "साहेब, हा अर्ज का घेत नाही ते लिहून द्याल का?" सगळ्यात तथ्य आहे, विशेषण एकही नाही. 'जातीयवादी', 'गुंड', 'लाज वाटत नाही का', यातला कुठलाही शब्द निघाला की समोरचा स्वतःच्या बचावाला लागतो, विषय तुमच्यावर येतो, आणि तिसरा माणूस मधल्यामध्ये चिरडतो.

दोन वाक्यांत थांबला नाही तर तिथेच सोडा. त्या व्यक्तीला घेऊन बाजूला व्हा.

४-अ. आणि बोलणारा आपलाच काका असेल तर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाजारात आवाज चढवणारे आपण देवळात आणि घरात मात्र गप्प असतो.

समाराधनेची पंगत बसलेली असते. वाड्यावरचं एक कुटुंब टोकाला बसू लागतं आणि कोणीतरी वयस्कर, अगदी गोड आवाजात, सांगतं: "तुम्ही पुढच्या पंगतीला बसा हां." शिवी नाही, आवाज नाही. सगळ्यांना कळलेलं असतं, सगळे पानाकडे बघतात. अशा वेळी भाषण करू नका. आपल्या पानावरून उठा आणि "काका, मी यांच्यासोबत पुढच्या पंगतीला बसते" म्हणून त्यांच्याजवळ जा. बस. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेने हे केलं तेव्हा तिच्या मागोमाग आणखी दोघं उठली आणि वाढपी पत्रावळ्या घेऊन गोंधळून उभा राहिला. काकांना कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजच उरली नव्हती.

घरचंही तसंच. नारळ पाडायला येणाऱ्या पाडेलीसाठी खिडकीत ठेवलेला वेगळा कप अजून कित्येक घरांत आहे. पाहुणे असताना आईवर ओरडू नका. चहा तुम्ही ओता, घरातल्या नेहमीच्या कपात ओता, आणि तो कप बाकीच्यांबरोबर विसळा. बोलणं संध्याकाळी, दोघींत.

मात्र लोकांसाठी खुल्या असलेल्या देवळात कोणाला अस्पृश्य मानून आत जाण्यापासून अडवलं तर तो घरगुती मामला राहत नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा कायदा, दोन्ही लागू होऊ शकतात. 'गावचा प्रश्न गावात मिटवू' म्हणणारे तिथे भेटतीलच. मिटवायचं की नाही हे ज्याला अडवलं तो ठरवेल.

५. व्हिडिओ: काढायचा तर असा

आधीच्या पायऱ्या कोणीतरी करत असेल तेव्हाच फोन काढा. दहा मोबाइल वर आणि शेजारी उभा एकही माणूस नाही, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय.

कॅमेरा बोलणाऱ्यावर ठेवा, ज्याचा अपमान होतोय त्याच्या चेहऱ्यावर नको. सुरुवातीला किंवा शेवटी एकदा फिरवून बसचा नंबर, दुकानाची पाटी, रस्ता टिपा. तुमची धावती टिप्पणी नको. तीच आवाजात मिसळते आणि मूळ शब्द ऐकू येत नाहीत.

मग लोक हमखास चुकतात त्या तीन गोष्टी:

- मूळ फाइल कापतात, नाव बदलतात, वर अक्षरं टाकतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-क्रमांक, लिहावं लागतं. फाइल कापली किंवा वर अक्षरं टाकली की ते मूल्य बदलतं. म्हणून मूळ फाइल फोनवरच, जशीच्या तशी.
- व्हॉट्सॲपवर नेहमीसारखी पाठवतात. ती दाबून लहान होते. पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि तीही फक्त त्या व्यक्तीला.
- गावाच्या ग्रुपवर टाकतात. एका बसमध्ये झालेला अपमान मग रात्रीपर्यंत पेडण्यापासून काणकोणपर्यंत पुन्हा पुन्हा होतो. मूल असेल किंवा बलात्काराचा प्रकार असेल तर ओळख उघड करणं हा तुमचाच गुन्हा ठरतो.

६. पाच मिनिटांनंतर

गर्दी पांगते, आणि खरं काम आता आहे. पाणी द्या. कुठे जायचंय, सोबत हवी का, घरी कोणाला फोन करू का, हे विचारा. एका चिठ्ठीवर स्वतःचं नाव आणि नंबर लिहून द्या. त्यांचा नंबर मागायची घाई नको, तुमचा त्यांच्याकडे असला की पुरे.

"तक्रार कराच" असं म्हणू नका. "तक्रार करायची ठरवलीत तर मी काय पाहिलं ते सांगेन" एवढं म्हणा, तेही पायरी १ मध्ये उत्तर 'हो' आलं असेल तरच.

७. त्याच दिवशी लिहा

ही पायरी शंभरातले नव्वद गाळतात असं मी हिशेब न करताच म्हणते. आणि याच पायरीवर केस उभी राहते किंवा पडते.

झोपायच्या आधी, वहीत, तारीख घालून. मला लोक असं लिहून आणून देतात:

"कंडक्टरने सदर महिलेस अपमानास्पद शिवीगाळ करून तिचा अवमान केला."

यात काहीच नाही. कोणता शब्द, कोण, कुठे, कोणी ऐकलं? याच्या जागी असं हवं:

"दुपारी सव्वादोनच्या सुमारास म्हापसा स्टँडवरून बस सुटली. मी डाव्या बाजूला तिसऱ्या सीटवर, खिडकीपाशी. बाई माझ्या पुढच्या सीटवर. खाकी शर्ट, मिशी असलेला कंडक्टर तिच्यासमोर येऊन म्हणाला: 'ए घाटी, फाटीं वच. तुजो वास येता.' दोनदा म्हणाला. बाई उठली. मागे कॉलेजचे दोन मुलगे होते, त्यांनी ऐकलं असावं. माझं ड्रायव्हरकडे लक्ष नव्हतं."

शब्द ज्या भाषेत उच्चारला त्याच भाषेत, अवतरणात. भाषांतर करायचंच तर खाली वेगळ्या ओळीत. शिवी लिहायला लाज वाटते म्हणून 'अर्वाच्य भाषा' असं लिहून मोकळे होऊ नका, न्यायालयाला नेमका तोच शब्द हवा असतो. आणि 'माझं लक्ष नव्हतं', 'ऐकलं असावं' ही वाक्यं खोडू नका. त्यांच्यामुळे बाकीचं खरं वाटतं.

> सावधान: दोन साक्षीदारांनी चहावर बसून एकत्र टिपण लिहू नये. दोघांची वाक्यं सारखी आली की उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो. आधी आपापलं लिहा, मग हवं तर चहा घ्या.

बसचं तिकीट, दुकानाची पावती, त्या वेळचा यूपीआयचा मेसेज जपा. तुम्ही तिथे होता याचा तो साधा पुरावा आहे.

८. पोलीस स्थानकात

ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ठरवलं, तर त्याच्याबरोबर जा. एकट्याने येणाऱ्याला "उद्या या" म्हणणं सोपं असतं.

क्रम असा ठेवा. आधी तक्रार लेखी द्या आणि प्रतीवर पोचपावतीचा शिक्का घ्या. हद्दीचा वाद काढला तर सांगा की, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवावी लागते. डिचोलीला घडलेलं फोंड्याला सांगता येतं. इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, मागून घ्या. नोंदवूनच घेत नसतील तर तेच निवेदन जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं.

आणखी एक अडथळा गोव्यात नेहमी येतो. "ती कर्नाटकातली, इथल्या यादीत तिची जात नाही, ॲट्रॉसिटी लागत नाही." लमाणी-बंजारा कर्नाटकात अनुसूचित जातीत आहेत, गोव्याच्या यादीत नाहीत, हे खरं. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ साली निर्णय दिला की, या कायद्याचं संरक्षण माणूस मूळ राज्याबाहेर गेला म्हणून संपत नाही. गोव्याला हेच उच्च न्यायालय लागू आहे. हे शांतपणे सांगा. अर्थात नुसतं 'घाटी' म्हटलं म्हणजे हा कायदा लागलाच असं नव्हे. अपमान जातीमुळे केला हे दिसावं लागतं. कलम कुठलं लावायचं यावर तुम्ही वाद घालू नका. काय पाहिलं ते सांगा, कलमं वकिलाला बघू द्या. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुलं आणि अपंग व्यक्ती यांना जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आता तुमचा जबाब. तो बहुधा इंग्रजीत टाइप होतो. तुमच्या भाषेत वाचून दाखवायला सांगा आणि कोकणी शब्द कोकणीतच आला आहे ना ते बघा. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या अशा जबाबावर साक्षीदाराने सही करायची नसते, कायदाच तसा आहे. सही मागितली तर ती कशासाठी, हे विनम्रपणे विचारा. स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुलं, साठीपुढचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना जबाबासाठी पोलीस स्थानकात यायची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब घरी येऊन घ्यावा लागतो.

> तपासा: निघण्यापूर्वी हातात तीन गोष्टी आहेत का? शिक्क्याची प्रत, तपास अधिकाऱ्याचं नाव, आणि एफआयआर झाला असल्यास त्याचा क्रमांक.

गुन्हा न ठरणारे प्रकारही खूप असतात. 'फक्त गोंयकारांना भाड्याने' ही पाटी चीड आणते, पण संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मधल्या दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते या यादीत खासगी घरभाडं नाही. तिथे पोलीस स्थानकाची पायरी चढून दिवस घालवण्यापेक्षा त्या कुटुंबाला दुसरी खोली बघून देणं जास्त उपयोगी. भेदभाव सरकारी नोकराने केला असेल तर पणजीला राज्य मानवी हक्क आयोग आहे. घटनेपासून एका वर्षाच्या आत जा.

९. नंतरचे महिने

दबाव येतो, आणि तो ओळखीच्या तोंडून येतो. पंच येतो, नवऱ्याचा मित्र येतो, "कशाला त्या भायल्यांसाठी" (बाहेरच्यांसाठी) म्हणतो. फोन आला तर वेळ आणि बोलणं त्याच वहीत लिहा. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात साक्षीदाराला संरक्षण आणि प्रवासखर्च मागायचा हक्क कलम १५-अ देतं. तो मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

त्या व्यक्तीने तक्रार मागे घ्यायचं ठरवलं तर चिडू नका, कारणही खोदून विचारू नका.

समन्स कधीकधी इतक्या उशिरा येतं की तुम्ही तोवर फोन बदललेला असतो. नंबर किंवा पत्ता बदलला की तपास अधिकाऱ्याला कळवा. साक्षीला जाताना वही बरोबर न्या. घटनेनंतर लगेच स्वतः लिहिलेलं टिपण बघून आठवण ताजी करायला कायदा परवानगी देतो. मात्र तसं केलंत तर ते पान समोरच्या वकिलालाही बघायला मिळतं, तेव्हा त्यावर किराणाची यादी किंवा कंडक्टरबद्दलची तुमची मतं नसलेली बरी.